जवळा, बोंबील आणि पापलेटचं पिल्लू

पापलेटसाठी किमान लांबी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर. सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारनं समुद्रातल्या ५४ जातींसाठी अशी मापं ठरवून दिली. याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचाही नाही, असा नियम झाला. त्याच महिन्यात पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर झाला. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेलं बंदर. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थांनी ही मागणी लावून धरली होती, कारण ज्या माशावर गावाची घरं उभी राहिली, तो मासा वर्षागणिक कमी होताना ते पाहत होते.

दोन्ही निर्णय चांगलेच आहेत. तरीही ती मापं वाचताना एक प्रश्न पाठ सोडत नाही. हा मासा मोजायचा कुठे? लिलावाच्या वेळी टोपलीत पडलेल्या पिल्लाला पट्टी लावता येते, बोटमालकाला दंड करता येतो, पण तोवर ते पिल्लू मेलेलं असतं. त्याला वाचवायचं तर पाण्यात असतानाच जाळ्याच्या आसातून, म्हणजे विणीतल्या छिद्रातून, सुटू द्यायला हवं. आणि जाळ्याचा आस मोठा करा म्हटलं की गोष्ट पापलेटपुरती राहत नाही. ती जवळ्यापर्यंत जाते, बोंबलापर्यंत जाते, मासळी सुकवणाऱ्या बायकांपर्यंत आणि बोटीच्या कर्जाच्या हप्त्यापर्यंत जाते. समुद्राचं व्यवस्थापन एकेका माशाचं करून भागत नाही, सगळ्या परिसंस्थेचं मिळून करावं लागतं, असं जगभरचे अभ्यासक गेली चार दशकं सांगत आहेत. आपल्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ काय होतो, हे समजून घ्यायला डोल जाळ्याइतकी चांगली जागा नाही.

डोल हे उत्तर कोकणचं आणि पलीकडच्या गुजरातचं जाळं. खंबातच्या आखाताकडून खाली येणाऱ्या या उथळ समुद्रात भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त असते. लांबलचक पिशवीसारखं हे जाळं प्रवाहाकडे तोंड करून समुद्रात रोवून ठेवतात. बोट त्याला ओढत नाही, पाणीच त्यात मासे वाहून आणतं. पाणी थांबलं की जाळं उपसायचं, प्रवाह फिरला की पुन्हा लावायचं. त्यामुळे डोलकराचं सगळं वेळापत्रक चंद्रावर चालतं. उधाणाच्या दिवसांत काम जोरात, भांगाच्या दिवसांत मंद. पिढ्यान् पिढ्या कुणी कुठे जाळं लावायचं याच्या जागा गावागावांनी आपसात ठरवून घेतल्या होत्या. आता बोटी वाढल्या, जाळी खोल समुद्रात सरकली, आणि त्या जागांवरून गावागावांत वादही होऊ लागले.

या जाळ्याचं तोंड मोठं, पण शेवटाकडे आस बारीक होत जातो. बारीक असायलाच हवा, कारण त्यात पकडायचा असतो जवळा, करंदी, मांदेली आणि बोंबील. जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी कोळंबी. आस थोडा सैल झाला तर सगळा जवळा निसटून जाईल. आणि त्याच बारीक आसात, त्याच प्रवाहाबरोबर, पापलेटची पिल्लंही येऊन अडकतात. सातपाटीची मोठ्या आसाची दालदी जाळी याच्या अगदी उलट वागतात. त्यांत तेवढ्याच मापाचा मासा अडकतो, लहान पार होतो. म्हणजे एकाच समुद्रात एक जण मोठ्या पापलेटची वाट पाहतो आणि दुसऱ्याच्या जाळ्यात त्याच पापलेटचं बाळपण संपतं. यात दोष डोलकराचा आहे, असं म्हणून मोकळं होता येत नाही. तो पापलेटच्या पिल्लांसाठी जाळं लावत नाही, ती विकून त्याला फारसं काही मिळतही नाही. वाढू दिलं असतं तर काही महिन्यांनी त्याच माशाला कितीतरी पट भाव आला असता, हे त्यालाही माहीत असतं.

मग जवळ्याची मासेमारीच आवरावी का? इथे खरी गुंतागुंत सुरू होते. जवळा म्हणजे या समुद्राचा शिधा. बोंबलाच्या पोटात सर्वांत जास्त सापडतो तो जवळाच. मोठा बोंबील लहान बोंबलालाही सोडत नाही. त्या बोंबलावर आणखी मोठे मासे जगतात, आणि साखळीच्या वरच्या टोकाला घोळीसारखे. ऑगस्ट २०२१मध्ये पालघरजवळच्या मुरब्यातल्या एका बोटीला एकाच फेरीत दीडशेहून जास्त घोळ मिळाल्या आणि त्यांचे सव्वा कोटीहून अधिक रुपये आले, अशी बातमी देशभर गाजली. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात मोठी मागणी आहे, म्हणून हा भाव. त्या बातमीत सगळ्यांनी पैसे मोजले. अशा घोळी तयार व्हायला खाली किती बोंबील, किती मांदेली, किती जवळा लागला असेल, हा हिशेब कुणी मांडला नाही. मला तो हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. जवळा जास्त उपसला तर बोंबील उपाशी राहतो, बोंबील जास्त उपसला तर त्याच्या वरचे, आणि सगळ्यात वरचे आधीच उपसून झाले तर मधल्यांचा तोल जातो. पापलेटचा आहार पुन्हा वेगळा. तो सूक्ष्म प्लवक आणि जेलीफिशसारखे मऊ जीव खातो. एका जाळ्यात हे सगळे एकत्र येतात, आणि कायद्याच्या तक्त्यात मात्र प्रत्येकाची ओळ वेगळी असते.

दुसऱ्या बाजूला जवळ्यावर माणसंही जगतात. किनाऱ्यावर पसरलेला जवळा, वलांडीवर जोडीजोडीनं लटकवलेले बोंबील, पावसाळ्याच्या बेगमीसाठी घाटापर्यंत जाणारी सुकी मासळी, हा सारा व्यवहार बायकांच्या हातात आहे. खोल समुद्रातली बोट, डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार यांतलं काहीही नसलेल्या कोळणीला हा जवळा रोख पैसा देतो. परिसंस्थेत ही बाईही मोडते. तिला वगळून काढलेला कुठलाही नियम कागदावर शास्त्रशुद्ध असला तरी किनाऱ्यावर अपुराच राहील.

एकेक मासा वेगळा मोजण्याची किंमत कॅनडाच्या न्यूफाउंडलंडनं मोजली आहे. तिथला कॉड मासा शतकानुशतकं युरोपला पुरला. विसाव्या शतकात कारखान्यासारखी जहाजं आली आणि १९६८मध्ये एकट्या त्या पट्ट्यातून ८ लाख टनांहून जास्त कॉड निघाला. पुढे कोटा ठरवले गेले, पण शास्त्रज्ञांचे अंदाज मोठ्या बोटींच्या पकडीवर बेतलेले होते. मासा उरल्यासुरल्या जागी गोळा होत होता, म्हणून त्या बोटींना तो मिळतच राहिला आणि कागदावर साठा भरपूर दिसला. किनाऱ्याजवळचे लहान मच्छीमार मासा लहान होतोय, कमी होतोय असं वारंवार सांगत होते. त्यांचं ऐकलं गेलं नाही. २ जुलै १९९२ रोजी सरकारला मासेमारी पूर्ण बंद करावी लागली. ३० हजारांवर लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी ३२ वर्षं टिकली. कॉड ज्याच्यावर जगायचा तो कॅपेलिन नावाचा छोटा मासाही त्याच सुमारास कोसळला होता, आणि कॉड सावरायला इतका वेळ लागण्यामागे तेही एक कारण मानलं जातं. नुसती कॉडची मासेमारी थांबवून कॉड परत आला नाही.

याउलट उदाहरण दक्षिण ध्रुवाजवळचं आहे. १९८०मध्ये झालेल्या आणि १९८२पासून लागू झालेल्या अंटार्क्टिकाच्या सागरी करारानं क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जिवाची पकड ठरवताना ती खाणारे देवमासे, पेंग्विन आणि सील यांचाही विचार करायचं बंधन घातलं. माणसानं किती घ्यायचं हे ठरवण्याआधी बाकीच्यांचं पोट बघायचं, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात पहिल्यांदा तिथे इतकं स्पष्ट आलं. आपला जवळा म्हणजे या किनाऱ्याचा क्रिलच आहे.

आपल्या अंगणात इशारे मिळालेले नाहीत असं नाही. केरळात २०१२मध्ये तारली ३ लाख ९० हजार टन निघाली होती. २०२१मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. समुद्राचं तापमान, एल निनो आणि पिल्लांची बेसुमार पकड, असं सगळं एकावर एक आलं. किमान मापाचा नियम देशात सर्वप्रथम केरळनंच आणला. महाराष्ट्रात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१९मध्ये सागरी मासळी २ लाख १ हजार टनांवर घसरली. गेल्या ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक वादळं आली, बोटी बंदरात बसून राहिल्या, हे खरंच. पण घरात आधीच चणचण असली की एका आजारपणात घर बसतं, तसं हे झालं.

दक्षिणेला, मालवणच्या बाजूला, प्रश्न वेगळ्या जाळ्याचा आहे. तिथली जुनी मासेमारी रापणीची. होडीतून अर्धगोल जाळं सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे. दोर ओढायला आलेल्या प्रत्येकाला वाटा. या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. ती थव्याला चहूबाजूंनी घेरून तळाशी आवळतात आणि बांगडा असो की तारली, अख्खा थवाच उचलतात. डॉ. सोमवंशी समितीनं २०१२मध्ये पर्ससीन परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्यानं १८२पर्यंत उतरवावी अशी शिफारस केली. त्या आधारावर ५ फेब्रुवारी २०१६ची अधिसूचना निघाली, आणि सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळापुरती पर्ससीनला मुभा राहिली. त्यात आणखी एलईडी दिवे आले. रात्री समुद्रावर प्रखर उजेड पाडला की मासा त्याकडे ओढला जातो, लहानमोठा सगळा, आणि जाळं आवळायला वेळ लागत नाही. केंद्रानं नोव्हेंबर २०१७मध्ये यावर बंदी घातली, राज्यानं २०२१च्या कायदादुरुस्तीत ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला. तरी किनाऱ्यावरून रात्री उजेड दिसल्याच्या तक्रारी येतच असतात, आणि शेजारच्या राज्यांतले वेगवान ट्रॉलर आत घुसल्याच्याही. मालवणच्या मच्छीमारांनी मत्स्यदुष्काळ जाहीर करा अशी मागणी केली, ती या पार्श्वभूमीवर. शेतात दुष्काळ पडला की आणेवारी काढायची पद्धत आपल्याकडे आहे. समुद्राची आणेवारी काढायची पद्धत नाही, आणि ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

कायद्याच्या रेषाही समुद्राला जुळत नाहीत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल, त्यापुढे केंद्राचा. आतल्या पट्ट्यासाठी १९८१चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, बाहेर वेगळे नियम. मासा मात्र वाढताना या रेषेच्या दोन्ही बाजूंना जातो. ही रेषा किती तोकडी आहे, हे एका कासविणीनं दाखवून दिलं. मार्च २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला शास्त्रज्ञांनी धातूची खूणपट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी २०२५मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांची कासवं वेगळी, ही समजूत तिथे डळमळली. ओडिशातल्या ट्रॉलरच्या जाळ्यात काय होतं, याच्याशी गुहागरच्या किनाऱ्याचा संबंध आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध झालं.

समुद्राची दुसरी हद्द जमिनीच्या बाजूला आहे, आणि तिथली पडझड मला जास्त अस्वस्थ करते. खाडी आणि तिवरांचं रान हे माशांचं बाळंतघर. चिखलात रुतलेल्या मुळांच्या जाळीत मोठा मासा शिरू शकत नाही, म्हणून बोय, जिताडा, कोळंबी, चिंबोऱ्या यांची पिल्लं तिथे वाढतात. महाराष्ट्रानं २०१२मध्ये कांदळवनांसाठी वन विभागाचा स्वतंत्र कक्ष उभारला. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८मध्ये कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून तिवरांचं रान दाखवतात आणि त्यावर कमावतात. हे सगळं मोलाचं आहे. पण खाडीच्या तोंडाशी भराव पडत असेल, आणि वरच्या अंगाला कारखान्याचं आणि शहराचं सांडपाणी सोडलं जात असेल, तर १३५ मिलिमीटरचा नियम कितीही काटेकोर पाळला तरी त्याचा उपयोग किती?

वाढवणच्या बंदराचा प्रश्न इथेच येतो. वाढवण ज्या तालुक्यात आहे तो डहाणू तालुका १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. १९९८मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं वाढवणचं बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणानं २०२३मध्ये अटी घालून संमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६,२२० कोटींच्या या बंदराची पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव होणार आहे. सातपाटीचा, डहाणूचा, मुरब्याचा मच्छीमार ज्या पट्ट्यात जाळी टाकतो, तोच हा पट्टा. राज्यमासा जाहीर झाला त्यानंतर वर्षभरात, त्याच जिल्ह्याच्या समुद्रात, ही पायाभरणी झाली. एका खात्यानं पापलेट वाचवायचा आणि दुसऱ्या खात्यानं त्याच्या पाण्यात भराव घालायचा, दोघांनी एकमेकांचे कागद वाचायचेच नाहीत, ही रीत बदलल्याशिवाय परिसंस्था हा शब्द सरकारी अहवालात कितीही वेळा आला तरी समुद्रात काही फरक पडणार नाही. नुकसानभरपाई मिळेलही, पण मोजताना बोटी आणि जाळी मोजली जातील. पिल्लं जिथे वाढतात त्या पाण्याची भरपाई कशी ठरवायची?

लोकांना वगळून काय होतं, याचा दाखला मालवणलाच आहे. १९८७मध्ये तिथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं प्रवाळ, पद्मगडाजवळचं खडकाळ पाणी, सगळं जपण्यासारखंच होतं. पण ज्यांचं रोजचं पाणी त्यात गेलं त्यांना विश्वासात घेतलं गेलं नाही. अभयारण्य म्हणजे आपल्याला हाकलण्याचा डाव, अशी भावना झाली आणि ती वर्षानुवर्षं टिकली. त्याच्या उलट वाट वेळासची. २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी उकरून नेली जात. गावकऱ्यांनीच राखण सुरू केली, २००६पासून कासव महोत्सव भरू लागला, घराघरांत पाहुणे उतरू लागले, आणि कासव गावाचं झालं. पुढे कांदळवन कक्षानं किनाऱ्याकिनाऱ्यावर हे काम वाढवलं.

समुद्रात काम करणाऱ्या माणसाचं नुकसान राज्यानं उचलायचं, हे तत्त्वही आपण एकदा मान्य केलेलं आहे. डिसेंबर २०१८च्या शासन निर्णयानुसार जाळ्यात अडकलेलं कासव, व्हेल शार्क किंवा दुसरा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडून दिला, तर मच्छीमाराला त्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडल्याचा फोटो किंवा चित्रफीत दाखवायची, अर्ज करायचा. आधी किनाऱ्यावर आलेल्या अशा प्राण्याचं काय करायचं, हे बऱ्याचदा चुपचाप ठरायचं. आता खलाशी मोबाइल काढून तो सोडल्याचं चित्रण करतात. शिक्षेच्या भीतीनं जे झालं नसतं ते भरपाईच्या खात्रीनं झालं.

मग तेच पापलेटच्या पिल्लांसाठी का करू नये? ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाचा तुकडा लावला तर ओढताना आस मिटत नाही, लहान मासा बाहेर पडतो. केंद्र सरकारच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं हे सांगितलं, सिंधुदुर्गात ४० मिलिमीटरच्या अशा जाळ्यांचा वापरही झाला. डोलीच्या बाबतीत इतका सोपा उपाय नाही, कारण जवळा हवा आणि पापलेटचं पिल्लू नको असं म्हणणारा आस अस्तित्वात नाही. तिथे उपाय वेळेचा आणि जागेचा आहे. ज्या पंधरवड्यात, ज्या खोलीला पिल्लांचे थवे येतात तो पंधरवडा आणि ती खोली डोलकराला तंतोतंत माहीत असते. बोटींच्या तांडेलांनी रोज काय वर काढलं याची नोंद बंदरावरच ठेवायची, पिल्लं दिसू लागली की त्या पट्ट्यातली जाळी काही दिवस उचलायची, आणि त्या दिवसांचा बुडालेला धंदा शासनानं भरून द्यायचा. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरसकट बंदी आज आहेच. होड्या शाकारून लोक घरी बसतात, पण बंदी उठते तेव्हा समुद्र शांत झालेला नसतो आणि पिल्लंही लहानच असतात, म्हणून ती नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, ही मागणी मच्छीमारांच्याच संघटना वर्षानुवर्षं करत आहेत. धंदा बंद ठेवा असं स्वतःहून सांगणारे लोक या देशात दुसऱ्या कुठल्या व्यवसायात आहेत, मला माहीत नाही.

यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. सातपाटीसारख्या गावांत सहकारी संस्था आहेत, त्यांच्याकडे सभासदांची यादी आहे, रोजच्या मासळीचा हिशेब आहे, पैसे थेट सभासदाच्या खात्यावर पोचवायची सवय आहे. मत्स्य खात्यानं, कांदळवन कक्षानं आणि बंदराचे कागद रंगवणाऱ्या खात्यांनी या संस्थांच्या प्रतिनिधींना सल्ला विचारण्यापुरतं बोलावू नये. जिल्ह्याचा समुद्र कसा वापरायचा हे ठरवणाऱ्या समितीत त्यांना मत देण्याचा अधिकार असावा, आणि पुढचा मोसम सुरू होण्याआधी, म्हणजे येत्या ऑगस्टपूर्वी, पालघर जिल्ह्यापासून तशी समिती नेमावी.